मोरीमागचा देव

“भाऊ, तुमनी मोरीमा पानी उभं ऱ्हाई गयं.”

भाड्यानं राहायला आलेल्या कौसाबाईंनी न्हाणीतून हे सांगितलं, तेव्हा रतिलाल पाटील स्वयंपाकघरात चहा गाळत होते. चोथ्याचा एक कणही मोरीत जाऊ नये म्हणून ते हल्ली स्वतःचा चहासुद्धा दोनदा गाळत. त्यांनी गाळणी खाली ठेवली.

“किती शे?”

“घोटापावत.”

“जाळी काढी का कोनी?”

“जाळी जागावर शे. पानी जागावर शे. मी बी जागावरच शे. काहीच हाली नही ऱ्हायनं.”

रतिलाल न्हाणीपाशी गेले. कौसाबाई साडी सावरून दगडी पाटावर उभ्या होत्या आणि त्यांच्या पायांभोवती साबणाचं पाणी शांतपणे पसरलेलं होतं. रतिलाल बराच वेळ त्या पाण्याकडे पाहत राहिले. ते खाली जाण्याचं काही लक्षण दिसेना. बाहेर रस्त्यावरून सारंगखेड्याच्या यात्रेला निघालेले घोडे घुंगरं वाजवत चालले होते. आज दत्तजयंती, यात्रेचा मुख्य दिवस. आणि आजच सुरतहून त्यांचा मुलगा नवनीत यायचा होता.

यात्रेसाठी घर भाड्यानं द्यायची पद्धत त्यांच्या पत्नी निर्मलाबाईंनी सुरू केली होती. मागच्या दोन खोल्या, न्हाणी आणि छोटं स्वयंपाकघर त्या पाहुण्यांना देत. लोक ओळखीनं येत, चार दिवस राहत, जाताना निर्मलाबाईंच्या पाया पडून जात. गेल्या वर्षी दिवाळीनंतर निर्मलाबाई गेल्या. मग सून रुचिकानं घराचे फोटो मोबाइलवर टाकले आणि पाहुणे बारा महिने येऊ लागले. रतिलालना ते बरं वाटलं. घरात कोणीतरी भांडी वाजवत असलं की संध्याकाळ लवकर सरत असे.

पण उन्हाळ्यात एका लग्नाच्या पाहुण्यांच्या वेळी मोरी तुंबली. त्यांनी मोरीचा फोटो काढून मोबाइलवर टाकला, आणि खाली लिहिलं ते रुचिकानं सासऱ्यांना वाचून दाखवलं नाही. नवनीतनं शहाद्याहून माणूस पाठवला. त्यानं आतून तार घालून पाणी कसंबसं काढून दिलं आणि तो निघून गेला. त्यानंतर नवनीत फोनवर म्हणाला होता, “बापू, आते पुन्हा मोरी तुंबनी, ते घरले कुलूप. तुम्ही सुरतले चला. एकटा जीव, काबर तरास करी ल्हेतंस?”

नवनीत वाईट बोलला नव्हता. पण सुरतेच्या सातव्या मजल्यावरच्या त्या घरात निर्मलाबाई कधी राहिल्याच नव्हत्या. तिथं कोणत्याही डब्याला त्यांचा हात लागलेला नव्हता. इथं साखर अजून त्यांनी ठेवलेल्या डब्यातच होती, आणि डबा त्यांनी ठेवलेल्या फळीवर. तेव्हापासून रतिलालनी मोरी तुंबू न देणं हे एकच काम हाती घेतलं.

काल संध्याकाळी कौसाबाईंचं कुटुंब उधन्याहून आलं. मूळचे इकडचेच लोक, दोन पिढ्या सुरतेत मिलमध्ये कामाला. मुलगा जगदीश, सून यामिनी, दोन लेकी, जावई, पोरं आणि यामिनीचं तान्हं बाळ. बाळाची गुळानं तुला करायचा नवस दत्ताला बोललेला होता. त्यांनी पिशव्या खाली ठेवायच्या आत रतिलालनी सगळ्यांना न्हाणीत नेलं.

“ही जाळी. ही काढानी नही. केस कागदमा. चोथा ह्या डबामा. भांडानं तेल आधी राखवरी पुसानं, मंग धोवानं. पानी एकदम वतानं नही. थोडं वता, थांबा, मंग वता.”

कौसाबाई कंबरेवर हात ठेवून ऐकत होत्या. “भाऊ, आम्ही ऱ्हावाले उनूत का शाळामा उनूत?”

“बाई, पहिलेच सांगेल बरं ऱ्हास.”

“परीक्षा कव्हय शे?”

रतिलाल हसले नाहीत. परीक्षा उद्याच आहे, असं त्यांच्या मनात आलं. रात्री पाहुण्यांनी भरीत केलं, तेव्हा कढई राखेनं पुसली जाते की नाही हे पाहायला ते दोनदा पाणी मागण्याच्या निमित्तानं आत डोकावले. कढई पुसली गेली होती. कौसाबाईंचे जावई आंघोळीला गेले, तेव्हा रतिलाल दाराबाहेर खोकत उभे राहिले, आणि जावईबापू बिचारे दर तांब्यानंतर थांबत होते. इतकं सगळं सांभाळूनही सकाळी पहिल्याच आंघोळीला मोरी तुंबली होती.

रतिलालनी आधी जाळी काढून पाहिली. जाळीवर एक केसही नव्हता. मग त्यांनी रबरी वाटी लावलेली काठी आणली आणि दाबून पाहिली. न्हाणीतलं पाणी जरा हललं आणि स्वयंपाकघरातल्या मोरीतून वर आलं. यामिनी आतून म्हणाली, “बाबा, अठे बी उनं.” त्यांनी काठी थांबवली. मग जगदीशनं सायकलचा पंप लावून पाहिला. त्यानं पाणी कुठंच गेलं नाही, पण जगदीश भिजला.

“आंघोळ ते व्हई गयी तुन्ही,” कौसाबाई म्हणाल्या. “आते बाकीनासनं काय?”

प्रश्न बरोबर होता. नवसाला आंघोळ केल्याशिवाय जाता येत नाही, आणि दर्शनाची रांग सकाळपासूनच वाढत होती. कौसाबाईंनी आवाज चढवला नाही. त्या एवढंच म्हणाल्या, “भाऊ, पोऱ्यानी तुला बारा वाजाना आत करनी पडस. भटजीले सांगेल शे.”

तेवढ्यात फोन वाजला. “बापू, नवापूर सोडं. नाश्ता करी ल्हिधा. घरनं कसं शे?”

“बेस शे,” रतिलाल म्हणाले. “सावकाश या. रस्तावर घोडा शेतस.”

यात्रेच्या दिवशी नळाचं काम करणारा माणूस मिळणं कठीण. पण कुंदन हा गावचाच, नात्यानं पुतण्यासारखा. तो घोड्यांच्या तळावर पाण्याच्या टाकीचे नळ बसवत होता, तिथून रतिलालनी त्याला जवळजवळ हाताला धरून आणला. कुंदननं न्हाणी पाहिली, स्वयंपाकघर पाहिलं आणि विचारलं,

“काका, मोरीनं चेंबर कथा शे?”

“माले काय माहीत.”

“घर कोनं बांधं?”

“मीच बांधं.”

“मंग?”

“पैसा मन्हा व्हता. उभी ती ऱ्हाये.”

हे खरं होतं. घर बांधलं तेव्हा रतिलाल साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. उसाचा हंगाम चालू होता. ते पहाटे जात आणि रात्री येत. गवंड्याशी बोलायच्या, विटा मोजून घ्यायच्या, पाइप कुठून कुठं जातो ते पाहायच्या त्या निर्मलाबाई. रतिलालना घरात जे जे माहीत होतं ते जमिनीच्या वरचं होतं.

कुंदन न्हाणीच्या भिंतीला कान लावून, लोखंडी पहारीनं जमीन ठोकत ठोकत घराच्या मागे गेला. कर्दळीची बेटं होती तिथपर्यंत तो आला आणि थांबला. त्यानं पायातल्या चपला काढल्या. पहार खाली ठेवली. हात जोडले.

“काका, पाइप इकडेच येस,” तो हळू आवाजात म्हणाला. “पन अठे ते देव शे.”

कर्दळीच्या मधोमध एक चौकोनी, जाड, सपाट फरशीचा दगड होता. त्यावर शेंदूर होता, हळदकुंकू होतं, झेंडूची सुकलेली माळ होती. दगडाला कडेला दोन बोटं जातील अशी दोन भोकं होती आणि त्या भोकांत उदबत्त्या लावलेल्या होत्या.

हा देव रतिलालनी बसवला नव्हता. निदान त्यांची तशी समजूत नव्हती. निर्मलाबाई दर अमावस्येला उजाडायच्या आधी उठत. पाणी कढवून बादलीत घेत, पदर खोचत आणि घरामागे जात. “तुम्ही मांगे येऊ नका,” एवढंच सांगून जात. बऱ्याच वेळानं त्या परत येत, हात धूत, आंघोळ करत आणि मगच देवघरात दिवा लावत. बायकांचं काही व्रत असेल म्हणून रतिलाल कधी मागे गेले नाहीत. एकदाच त्यांनी विचारलं होतं, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, “घरनं भलं व्हावाले करस.”

निर्मलाबाई गेल्यावर पहिल्या अमावस्येला रतिलालना जाग आली ती उजाडायच्या आधीच. ते घरामागे गेले. तिथं कर्दळीत हा दगड होता. व्रताची रीत त्यांना ठाऊक नव्हती, म्हणून त्यांना जे येत होतं ते त्यांनी केलं. हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, नारळ फोडला. पुढच्या अमावस्येला शेंदूर लावला. जुनं निर्माल्य पायदळी येऊ नये म्हणून ते दगडाच्या भोकांतूनच आत लोटत. एकही अमावस्या त्यांनी चुकवली नाही. शेजारच्या शीलाबाईंनी ते पाहिलं आणि चैत्रात त्यांची म्हैस हरवली तेव्हा त्यांनीही तिथं नारळ फोडला. दुसऱ्या दिवशी म्हैस दारात. मग त्यांनी दूध वाहिलं. दूध दगडावर न थांबता कुठं गेलं ते कळलं नाही. तेव्हापासून गल्लीतल्या बायका दर अमावस्येला दूध आणू लागल्या होत्या.

कुंदन पहार घेऊन आलेला भिंतीपलीकडून दिसला असावा. शीलाबाई हातात दुधाचा तांब्या घेऊनच आल्या.

“भाऊजी, काय करी ऱ्हायनात? देवले पहार लावशात?”

“शीलावहिनी, खाले चेंबर शे म्हनस कुंदन.”

“खाले काय बी ऱ्हावो. वरे देव शे ना? जित्ता देव शे. दूध पेस.”

कुंदन म्हणाला, “काका, मी हात नही लावाव. मन्ही बायकोले सातवा महिना शे.”

“मंग घर फोड,” रतिलाल म्हणाले. “आतून खोद.”

“आतून खोदं ते संध्याकाळ व्हई. आनि पाइप शेवटी याच देवपान येस.”

फोन वाजला. नवनीतनं नंदुरबार सोडलं होतं. रतिलालनी “बेस, बेस” म्हणून फोन खिशात ठेवला.

आता न्हाणीतून कौसाबाईही आल्या. मागे यामिनी बाळाला घेऊन आली. सगळे दगडाभोवती उभे राहिले. कौसाबाईंनी आधी नमस्कार केला आणि मग विचारलं, “कोनता देव शे हाऊ?”

त्यांनी वाकून शेंदूर न्याहाळला.

“खंडोबा शे? का म्हसोबा?”

“आमासना शे,” शीलाबाई म्हणाल्या.

“आमास तिथी शे, देव नही.”

“मन्ही म्हैस आनी दिधी त्यानी.”

“वहिनी, तुमनी म्हैस ऊसमा व्हती,” कुंदन मध्येच म्हणाला. “ऊस तोडा, तव्हय सवताच उनी. मीच देखं.”

“तू चेंबर शोध,” शीलाबाई म्हणाल्या. “म्हशी शोधू नको.”

कौसाबाईंनी रतिलालकडे पाहिलं. “भाऊ, तुमनी मालकीन अठे काय करे? नीट सांगा.”

रतिलालना सांगायला जड गेलं. निर्मलाबाईंची ही गोष्ट त्यांनी कोणाजवळ बोलली नव्हती. पण बाळाची तुला अडली होती, म्हणून त्यांनी सांगितलं.

“पानी लई जाये. कढत.”

“कढत? देवले?”

“हा. एक बादली. कव्हय कव्हय दोन.”

“आनि?”

“पदर खोसे. वापस उनी की आंघोळ करे. तोपावत माले शिवू नही दे.”

“आंघोळना आधी?”

“आधी हात धोये. राखवरी. कोपरापावत.”

कौसाबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि अगदी हळू, जणू आजारी माणसाला काही सांगावं तशा त्या म्हणाल्या, “भाऊ, देवले भेटीसन कोनी राखवरी हात धोस का?”

रतिलाल दगडाकडे पाहत राहिले. रस्त्यावरून एक घोडा जोरानं खिंकाळला. त्यांना एकेक आठवू लागलं. कर्दळ निर्मलाबाईंनी याच जागी का लावली होती. दुसरीकडे तुळस होती, मोगरा होता, इथं फक्त कर्दळ. ती कशी बारा महिने हिरवीगार असे. आणि त्या दोन भोकांत बोटं कशी बसतील.

“कुंदन, पहार दे,” ते म्हणाले.

“भाऊजी,” शीलाबाई म्हणाल्या, “मन्ही म्हैस परत जाई हो.”

“गयी ते मी आनी दिसू.”

कुंदननं पहार दिली आणि पाठ फिरवून उभा राहिला. रतिलालनी उदबत्त्या काढल्या, माळ काढली, ती कर्दळीच्या बुडाशी ठेवली. मग त्यांनी दगडाला हात जोडले. ते देवाला होते की आणखी कोणाला, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. पहारीनं एक कड उचलली आणि भोकांत बोटं घालून दगड बाजूला सरकवला. तो रोज सरकवल्यासारखा सहज सरकला.

खाली विटांचं चौकोनी चेंबर होतं आणि ते काठोकाठ भरलेलं होतं. त्यात पाहुण्यांचं काही नव्हतं. चोथा नव्हता, केस नव्हते, भरताचं तेल नव्हतं. त्यात झेंडूच्या माळा होत्या. नारळाच्या शेंड्या होत्या. उदबत्तीच्या काड्यांचे पुंजके होते. वर्षभराच्या अक्षता फुगून त्यांचा घट्ट गोळा झाला होता आणि त्याला नासक्या दुधाचा वास येत होता.

कुंदननं मान वळवून पाहिलं. “काका, हाई ते बठ्ठं तुमनंच शे.”

“हा,” रतिलाल म्हणाले.

शीलाबाईंनी दुधाचा तांब्या पदराखाली घेतला.

चेंबरच्या आतल्या भिंतीला एक खिळा होता आणि खिळ्याला बांबूची लांब, लवचिक पट्टी अडकवलेली होती. पट्टीच्या वरच्या टोकाला धरायला कापड गुंडाळून घट्ट शिवलेलं होतं. ते विटकरी लुगड्याच्या काठाचं कापड होतं. ते लुगडं रतिलालनी वर्षभर कपाटात शोधलं होतं. कोणाला तरी देऊन टाकलं असेल असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

त्यांनी पट्टी हातात घेतली. कापडाला हातानं धरायची जागा होती, आणि ती त्यांच्या हाताला लहान पडत होती.

“आनू का तार?” कुंदननं विचारलं.

“नको.”

रतिलालनी बाह्या वर केल्या. आधी हातानं माळा आणि शेंड्या बाहेर काढल्या. मग पट्टी पाइपात घातली, मागे ओढली, पुन्हा घातली. जगदीशनं चुलीवरची कढत पाण्याची बादली आणून दिली. ती त्यांनी थोडी थोडी ओतली, थांबले, परत ओतली. तिसऱ्या खेपेला खालून एक मोठा आवाज आला. घरातून यामिनी धावत येऊन म्हणाली, “गयं, बाबा. दोन्ही मोऱ्यामातून गयं.”

“पोरीसवन, चला,” कौसाबाई म्हणाल्या. “पटापट वता. थांबी थांबी वतानी गरज नही आते.”

एकामागून एक आंघोळी झाल्या. दर वेळी साबणाचं पाणी चेंबरमध्ये येई आणि पुढे निघून जाई, आणि रतिलाल ते पाहत बसत. शेवटी त्यांनी पट्टी धुऊन खिळ्याला लावली, दगड सरकवून जागेवर ठेवला. काढलेलं निर्माल्य कुंदननं टोपलीत भरलं आणि तापीत सोडायला नेलं. तेवढं करायला त्याची हरकत नव्हती. शेंदूर दगडावर तसाच राहिला. तो काढायचा कसा, हे कोणाला सुचलं नाही.

नवनीतची गाडी दारात थांबली, तेव्हा रतिलाल मागच्या ओट्यावर बसून कोपरापर्यंत राख लावत होते. धोतर भिजलेलं, कपाळावर शेंदराचं बोट लागलेलं. नवनीत आणि रुचिका थेट मागेच आले. नवनीतनं बापाकडे पाहिलं, पहारीकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा बदलला.

“बापू, मोरी तुंबनी ना?”

रतिलालना समोरासमोर खोटं बोलता येत नसे. त्यांनी उत्तर शोधायला तोंड उघडलं. तेवढ्यात कौसाबाई बाळाला नवं झबलं घालून दारात आल्या.

“मोरी कशाले तुंबी?” त्या म्हणाल्या. “आम्ही बठ्ठा आंघोळ करीसन निंघनूत. पानी असं जास, जसं नदीले भेटाले जास. तुमना बापू ते तुमनी आईनं व्रत करी ऱ्हायनात.”

रुचिका न्हाणीत गेली. नळ सुटल्याचा आवाज आला, मग पाणी गेल्याचा. बाहेर येऊन तिनं नवनीतकडे पाहून होकाराची मान हलवली.

लहानपणी नवनीतनंही अंधारात बादली घेऊन मागे जाणारी आई पाहिली होती. त्यालाही ती “मांगे येऊ नको” म्हणाली होती, आणि तोही गेला नव्हता.

“ते व्रत तुम्ही करतंस?” त्यानं विचारलं.

“करस,” रतिलाल म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, “आजपावत चुकीनं करे. आते समजनं.”

“दर आमासले?”

“दर आमासले.”

“सुरतले नही व्हई का?”

“तठे हाऊ दगड नही.”

नवनीतनं बूट काढले, मोजे काढले. कर्दळीजवळ जाऊन त्यानं दगडावर डोकं टेकवलं, आणि बराच वेळ ते तसंच ठेवलं. मग त्यानं डोळे पुसले. शीलाबाई अजून तिथंच होत्या. त्यांनी पदराखालचा तांब्या हळूच त्याच्यापुढे केला. नवनीतनं तो घेतला आणि दगडाच्या भोकावर वाकवला.

रतिलालनी राखेच्या हातानं त्याचं मनगट धरलं.

“दूध नको,” ते म्हणाले. “आत जा, पानी कढत ठेव.”